नंदगडचं तूप इस्रायलात

इस्रायलला जाऊन आले म्हटलं, की बेळगावात लोक पहिल्यांदा विचारतात, "भ्या वाटलं न्हाय काय हो बाई?" आणि लगेच दुसरं, "खायला काय मिळत होतं?" भीतीचं उत्तर सोपं आहे. आम्ही गेलो ते करोना सरल्यावर आणि तिकडं ही मोठी लढाई पेटायच्या आधी. तेव्हा रस्त्यात खांद्याला बंदूक लावलेली कोवळी पोरं-पोरी दिसायची, पण ती आइस्क्रीम खात उभी असायची. खाण्याचं उत्तर मात्र लांबलचक आहे, आणि ते माझ्या थोरल्या बहिणीपासून सुरू करावं लागेल.

आमच्या सहलीचे पुढारी होते नाईक सर, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचं म्हणणं असं, की नुसते फोटो काढून यायचं असेल तर गोव्याला जावा, जवळ पडतंय. थोडं बघायचं, थोडं राबायचं, आणि आपल्या कोकणातून तिकडं गेलेले मराठी ज्यू आज कसे राहतात ते समजून घ्यायचं, असा त्यांचा बेत. या लोकांना कोकणात पूर्वी शनिवार तेली म्हणत. घाण्यावर तेल काढायचं, आणि शनिवारी बैल सोडून स्वस्थ बसायचं. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. मृत समुद्र नकाशावर काडीनं दाखवून दाखवून तो कागद तिथं झिजला होता. मी पहिल्याच बैठकीत हात वर केला.

आक्कानं हात वर करणं मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आक्का म्हणजे कृष्णाबाई, माझी सख्खी थोरली बहीण. खानापूरजवळ नंदगडला राहते. भाताचं रान, गोठ्यात म्हशी, गुडघेदुखी आणि सगळ्या गावाला पुरेल एवढा राग, हा तिचा संसार. कुणी लग्नाला बोलावलं तरी म्हशीचं कारण सांगून न जाणारी ही बाई मला म्हणाली, "सुमे, माझंबी नाव घाल. मला तिथं एका बाईला भेटायचं हाय. जिवंत असंल तर."

ती गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. त्या वेळी मी पाळण्यात होते. आक्काला शाळेसाठी बेळगावात कॅम्पात मामाकडं ठेवलं होतं. शेजारी एक ज्यू कुटुंब, वडील मिलिटरीच्या दवाखान्यात कंपाउंडर. घरात बोलणं आपल्यासारखंच मराठी. त्यांची मुलगी रिबका आक्काच्या वर्गात. दोघी नवीनच मैत्रिणी झाल्या होत्या. तेवढ्यात आमच्या घरची म्हैस व्याली आणि आईनं खरवसाचा डबा बेळगावला धाडला. आक्का तो मोठ्या मिजाशीत रिबकाच्या घरी घेऊन गेली.

"तिच्या आईनं झाकण उघडलं, बघितलं, आणि तसाच डबा माझ्या हातात परत दिला," आक्का सांगत होती आणि सांगतानाही तिचं तोंड लाल झालं होतं. "'आज नको, बाळ,' म्हणाली. खरवस, सुमे! खरवस कोण परत करतंय? आपण कुणबाऊ माणसं, शेणात हात घालणारी. आपल्या हातचं चालत न्हाय, आणखी काय!"

आक्कानं चर्चच्या पायरीवर बसून सगळा खरवस एकटीनं खाल्ला आणि मग पोट धरून आजारी पडली. रिबकाशी तिनं कट्टी केली ती केलीच. काही महिन्यांनी शेजारच्या दाराला कुलूप लागलं. मंडळी बोटीनं इस्रायलला गेली होती.

"तिला एकदा तोंडावर विचारायचं हाय," आक्का म्हणाली, "आमच्या खरवसाला काय झालतं म्हणून."

मी म्हटलं, अगं एवढ्याशा गोष्टीसाठी समुद्र ओलांडायचा? तर म्हणाली, "एवढीशी तुला. डबा माझ्या हातात होता."

जेरुसलेम

जेरुसलेमात फेब्रुवारीत थंडी असते आणि पाऊसही. सगळं गाव एकाच फिक्या पिवळ्या दगडाचं. आमच्यातले आप्पासाहेब निपाणीचे, तंबाखूचे व्यापारी, जाईल तिथं हात लावून माल पारखायची सवय. त्यांनी पहिल्याच भिंतीवर नखानं ओरखडून बघितलं आणि म्हणाले, "दगड चांगला हाय, पर आपल्या गोकाकच्या दगडाची सर न्हाय." कुठल्या जोरावर, ते त्यांनाच माहीत.

ज्यूंच्या त्या जुन्या पवित्र भिंतीपाशी बायकांची बाजू वेगळी. लोक कागदावर मनातलं लिहून फटीत खोचतात. मी बराच वेळ नुसती बघत उभी होते. एक म्हातारी भिंतीला कपाळ टेकून रडत होती, तिच्या शेजारी एक कॉलेजची पोरगी मोबाइलवर प्रार्थना वाचत होती. परत निघताना सगळ्या जणी उलट्या पावलांनी मागं सरकत येतात. आक्कानं मला कोपरखळी मारली. "बघ, पाठ दावत न्हाईत. आपुनबी देवळातनं असंच येताव."

आक्काचं सगळं निरीक्षण या चालीचं. दाराच्या चौकटीला एक बोटभर लांबीची नळी तिरकी ठोकलेली असते, तिच्यात धर्मवचनाचा कागद असतो. येता-जाता लोक तिला बोटं लावून ओठांना लावतात. हे दिसल्यावर आक्का हॉटेलच्या दारातच थांबली. "रिबकाचा बाप असंच करायचा. मला वाटायचं, चौकट हलतीया का ते बघतोय."

एका मोठ्या संग्रहालयात कोचीनच्या ज्यूंचं अख्खं प्रार्थनामंदिर आणून पुन्हा उभं केलंय. कोरीव लाकडाचं छत, टांगलेले दिवे. केरळातलं लाकूड जेरुसलेमच्या थंडीत बघून मला उगाचच भरून आलं. लोक घर सोडतात तेव्हा काय नेतात आणि काय ठेवून जातात, हा प्रश्न मग माझ्या डोक्यातून जाईना.

आता खाणं. हॉटेलात न्याहारीला काकडी, टोमॅटो, चीजचे ढीग, दही, खारवलेले मासे. आक्का म्हणाली, "सकाळच्या पारी कोशिंबीर? आजारी हाईत काय ही माणसं?" मग भडंग आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर आली आणि आमचं टेबल निपाणीच्या स्टँडसारखं दिसू लागलं. रात्रीच्या जेवणात कोंबडी होती. ती संपवून आप्पासाहेबांनी दुधाचा चहा मागितला. वाढणाऱ्या पोरानं मान हलवून काळा चहा आणून ठेवला. आप्पासाहेबांनी हातवारे करून म्हैस पिळून दाखवली. पोरगा हसला, पण दूध काही आणलं नाही.

"एवढ्या मोठ्या हाटेलात दूध संपतंय?" आप्पासाहेब चिडले. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली, संपलं असेल म्हणून. नाईक सरांनी निघायच्या आधी ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या नियमांवर तासभर भाषण दिलं होतं म्हणे. त्या तासात आम्ही भडंग कुणी आणायचा ते ठरवत होतो.

नवलकोलाचं रान

दक्षिणेकडं जाताना हिरवळ संपत जाते, पण मधेच कुठं माळभर लाल फुलं पसरलेली दिसतात. पलीकडं वाळूतच शेती. नळीनं झाडाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी. आप्पासाहेबांनी मूठभर माती उचलली आणि बोटांतून सोडली. "ही माती न्हवं, भुसकाट हाय. ह्यात पीक काढणारा माणूस खरा."

इथं आमचं राबणं सुरू झालं. शेतकऱ्याला बाजारात नेणं परवडत नाही असा भाजीपाला रानात उरतो, तो स्वयंसेवक काढतात आणि गरजूंना वाटतात. आमच्या वाट्याला नवलकोल आला. शिकवायला आलेल्या तरुण पोरीनं एक गड्डा उपटून, पानं कशी तोडायची ते सावकाश दाखवलं. आक्कानं ते शेवटपर्यंत बघितलंही नाही, पदर खोचून सरीत शिरली. नाईक सरांनी मात्र एक नवलकोल इतक्या प्रेमानं काढला, की त्याच्यासोबत फोटो काढून घेतला. मी पानं तोडताना माझ्या बोटाचं साल काढून घेतलं आणि मग क्रेटवर बसून देखरेख केली. मास्तरकीची सवय.

जेवणाच्या सुट्टीत आक्का त्या पोरीला खुणांनी काहीतरी विचारत होती. जवळ गेले तर ती मराठीतच विचारत होती, "रिबका ठावं हाय काय तुला? बेळगावची रिबका?" पोरगी कौतुकानं हसून मान हलवत होती. आक्का हा प्रश्न विमानतळापासून भेटेल त्याला विचारत आली होती, जणू देश म्हणजे खानापूरचा आठवडी बाजार. मला हसू आलं, आणि मग तिची दयाही आली. रिबका सापडली नाही तर हिला घरी कशी न्यायची, याची मला काळजी लागली.

बेरशेबाचं स्वयंपाकघर

शुक्रवारी सकाळी आम्ही बेरशेबा शहरात एका सार्वजनिक स्वयंपाकघरात गेलो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी इथं शब्बाथचं जेवण शिजतं. शब्बाथ म्हणजे त्यांचा विसाव्याचा दिवस. तो शुक्रवारी सूर्य मावळताच सुरू होतो आणि शनिवारी चांदण्या दिसल्यावर संपतो. तेवढ्या वेळात चूल नाही, गाडी नाही, फोन नाही. म्हणून दुपारच्या आत डबे भरून गाड्या निघाल्याच पाहिजेत.

स्वयंपाकघरावर देखरेख करणाऱ्या बाईंनी आम्हाला बघितलं आणि शुद्ध कोकणी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "या गो बायांनो, या! चपला घालूनच या, लाद्या गार आहेत." आम्ही जागच्या जागी उभ्या. सिपोराबाई मूळच्या रेवदंड्याच्या, लहानपणी आई-बापाबरोबर इकडं आलेल्या. पांढरे केस जाळीत बांधलेले, बोलणं एकदम खणखणीत. आक्कानं पहिल्या श्वासात त्यांना विचारलं, "रिबका ठावं हाय काय?"

"कुठली रिबका? इथं दगड मारलास तर रिबकालाच लागेल," सिपोराबाई म्हणाल्या. "आधी कांदे चिरा, मग बघू."

आत मोठमोठी पातेली रटरटत होती. एकात कोंबडी आणि बटाटे, एकात कोंबडीच्या रश्श्यातला भात. बाहेरचं खाण्याचं काहीही आत आणू नका, असं नाईक सरांनी बसमध्ये दोनदा बजावलं होतं. पण आक्काच्या पिशवीत तिचा फिरकीचा स्टीलचा डबा होता, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला. त्यात घरच्या म्हशीचं रवाळ तूप. नंदगडपासून तो डबा तिनं कुणाच्या हातात दिला नव्हता.

माझी चुलीकडं पाठ होती. मला आधी वास आला. गरम भातावर तूप पडल्यावर जो वास येतो तो. आम्ही बेळगावकर सगळे एकदम वळलो, तोंडाला पाणी सुटलेलं. आक्का पातेल्याशी उभी होती. चार-पाच पळ्या तूप भातात घालून ती उलथन्यानं तो वरखाली करत होती.

"अगो! काय घातलंस ते?" सिपोराबाई पलीकडून ओरडल्या.

"तूप!" आक्का अभिमानानं म्हणाली. "घरच्या म्हशीचं. म्हातारी माणसं खाणार, भात कोरडा कसा घालायचा?"

"दुधाचं? कोंबडीच्या भातात?" सिपोराबाईंनी दोन्ही हात डोक्याला लावले. "मेले गो मी!"

कप्पाळ! मग जे झालं ते विचारू नका. काळी टोपी घातलेला एक दाढीवाला माणूस आतून धावत आला. स्वयंपाक त्यांच्या धर्माप्रमाणं होतोय का हे बघणं एवढंच त्याचं काम. त्यानं पातेल्यात डोकावून बघितलं आणि खुर्चीवर बसला. मग उठून गॅस बंद केला. पातेलं बाजूला, उलथनं बाजूला, पळी बाजूला. ती भांडी आता उकळून, धर्माच्या रीतीनं शुद्ध करून घेईपर्यंत वापरायची नाहीत. भात तर गेलाच. मांस आणि दूध त्यांच्यात एकत्र शिजवत नाहीत, एकत्र खात नाहीत. भांडीसुद्धा वेगळी, धुवायची जागासुद्धा वेगळी. नाईक सर खाली मान घालून उभे होते. भाषणात त्यांनी हेच सांगितलं होतं.

सूर्य काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. नवं पातेलं चढलं. आप्पासाहेबांनी बाह्या वर करून तांदूळ धुतले, मी पुन्हा कांदे चिरले, दाढीवाला आता आमच्या प्रत्येकाच्या हाताकडं बघत होता. गाड्या निघाल्या तेव्हा सगळ्यांच्या अंगात त्राण नव्हतं. तो तुपातला भात त्यांना चालत नव्हता, पण आम्हाला चालत होता. सिपोराबाईंनी कागदी ताटल्या दिल्या आणि मागच्या अंगणात आमची पंगत बसली. खरं सांगते, असा भात मी जन्मात खाल्ला नाही. आप्पासाहेबांनी तिसऱ्यांदा वाढून घेतला आणि म्हणाले, "आक्का, चूक करावी तर अशी."

आक्का एक शीत खाईना. भिंतीला टेकून डबा मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटलं, ओशाळली असेल.

सिपोराबाई काळा चहा घेऊन तिच्याशेजारी येऊन बसल्या. "ओरडले ते मनावर घेऊ नको गो. तुला कुठं ठाऊक होतं? रेवदंड्याला आमच्या शेजारची भंडारीण असंच ताक घेऊन यायची. घरात मटण शिजलं असलं की आई तिला दारातूनच परत पाठवायची. नंतर तीच आधी विचारायला लागली."

आक्कानं त्यांच्याकडं बघितलं. "कवा? कुठल्या वारी?"

"शुक्रवारीच की. आठवड्यातून एकदा तर मटण व्हायचं. शब्बाथचं जेवण ते."

"आन् दूध आणणाऱ्याचा हात?"

"हाताचं काय त्यात?"

आक्काचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. डबा तिनं घट्ट धरला. "सुमे," ती मला म्हणाली, "ते शुक्रवारचंच व्हतं गं. मामा दर शुक्रवारी हापिसातनं आला की मला म्हणायचा, जा, आज शेजारी मटणाचा वास सुटलाय. मी तवाच तर गेलते. वास मलाबी आलता." आणि ती रडायला लागली, अगदी मोठ्यानं, पोरीसारखी. "आमचा हात न्हवता वाईट. मी उगंच... जन्मभर उगंच..."

सिपोराबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ॲप्रनला हात पुसले. "बेळगावची म्हणायचीस की आधी! कंपाउंडरची मुलगी ना? जवळच दिमोनाला आहे ती." आणि शब्बाथ लागायच्या आत फोन फिरवला. पलीकडं मुलगी होती, याएल नावाची, तिथंच जन्मलेली. आई आहे, पण आत्ता झोपलीय. तिला निरोप देते. रविवारी या. एवढं बोलणं झालं आणि फोन बंद झाला, तो आता शनिवारी रात्रीपर्यंत.

मृत समुद्र

शनिवारी सगळा देश दार लावून बसलेला. आमचा ड्रायव्हर अरब, त्यानं आम्हाला मृत समुद्रावर नेलं. ज्या पाण्याबद्दल मी मुलांना इतकी वर्षं सांगितलं, त्यात मी आडवी झाले आणि खरंच बुडाले नाही. शास्त्र खरं निघाल्याचा मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसत होते. तेवढ्यात पाण्याचा एक थेंब डोळ्यात गेला आणि हसू संपलं. अंगाला काळा चिखल फासून आप्पासाहेब बाहेर आले, तर त्यांना त्यांच्या बायकोनंच ओळखलं नाही.

आक्का लुगडं घोट्यापर्यंत उचलून काठावर पाय बुडवून बसली होती. मी जवळ गेले.

"जाऊ नगंच म्हणते मी," ती म्हणाली.

"आता? सापडली तेव्हा?"

"आता विचारायचं काय उरलं? मी भांडायला आलते, सुमे. भांडण गेलं माझ्या हातचं. आता मलाच माफी मागाय पायजे. आन् तिला मी आठवतच नसले तर? मी एवढी वर्सं तिच्यावर जळते, आन् तिला माझं नावबी ठावं नसलं तर?"

शिकवायच्या धंद्यात एक वाईट सवय लागते, प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायची. ती कशीबशी आवरून मी तिच्याशेजारी पाय बुडवून बसले. माझ्या सोललेल्या बोटाला ते खारं पाणी असं झोंबलं, की मी किंचाळले. त्यावर ती हसली, आणि जायचं ठरलं.

दिमोना

दिमोना वाळवंटातलं गाव. सारख्या दिसणाऱ्या चाळींसारख्या इमारती, मधे खजुराची झाडं, आणि एका दुकानात चक्क पापड, पोहे आणि कढीपत्ता. गावात भारतातून आलेली पुष्कळ घरं आहेत. बाकीची मंडळी नाईक सरांबरोबर त्यांचं प्रार्थनामंदिर बघायला गेली. तिथं त्यांना पोहे आणि ओलं खोबरं प्रसादासारखं मिळालं, असं नंतर कळलं. आम्हा दोघींना न्यायला याएल गाडी घेऊन आली. चाळिशीची, शाळेत गणित शिकवते. मराठी मोडकीतोडकी, पण आईकडून शिकलेली, त्यामुळं मधेच "लई" आणि "व्हय" ऐकू आलं की आक्का चमकून तिच्याकडं बघायची.

"आई जरा आजारी," याएल गाडी चालवता चालवता म्हणाली. "शब्बाथला कोंबडी केली. खाल्ली नाही. कालपण नाही. मी म्हणते डॉक्टरकडं चल. ती म्हणते, गप."

आक्कानं माझा हात धरला. आजारी बाईपुढं जाऊन जुनं उकरायचं, तेही असलं, हे आता मलाही नको वाटू लागलं.

जिना चढून गेलो. दाराच्या चौकटीला ती नळी होती. याएलनं तिला बोट लावलं आणि दार उघडलं. समोर एक बारकी, सरळ पाठीची बाई उभी होती. गाउनवर स्वेटर, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी. आजारी अजिबात दिसत नव्हती.

"कृष्णी?" ती म्हणाली.

"व्हय," आक्का म्हणाली.

मी वाट बघत होते, आता मिठ्या मारतील, आता रडतील. पण आक्का उंबऱ्याच्या अलीकडंच उभी राहिली. पिशवीतला डबा तिनं छातीशी धरला होता. "रिबका, आधी एक सांग. घरात आज मटण, कोंबडी काय शिजलंय काय? माझ्याजवळ तूप हाय."

बाई आक्काकडं बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. चौकटीला धरून ती हसत होती आणि डोळे पुसत होती. याएल आमच्याकडं बघत होती, आईला काय झालं म्हणून.

"कोण म्हणालं तुला?" रिबकाबाईंनी विचारलं.

"परवा कळलं. भात नासला तवा. मला तवा वाटलं, तुझ्या आईला आमच्या हातचं..."

"गप बस," रिबकाबाई म्हणाल्या. "आई म्हणत व्हती, 'आज नको बाळ, उद्या सांजच्याला आण.' 'उद्या' तुझ्या कानात शिरायच्या आत तू जिना उतरून गेलतीस. दुसऱ्या दिवशी मी वाटी घेऊन खिडकीत बसलते. चांदण्या निघाल्या तरी बसलते. शाळेत हाक मारली तर तू तोंड फिरवलंस. खरवस एवढा काय गं एकटीनं खाल्लास?"

"खाल्ला," आक्का म्हणाली. "लई आजारी पडले."

"बरं झालं!"

मग आक्कानं उंबरा ओलांडला. डबा माझ्या हातात देऊन ती रिबकाबाईंच्या गळ्यात पडली, आणि दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. ऐकायचंही नव्हतं.

टेबलावर पांढरं फडकं घातलेलं होतं. त्यावर एक पातेलं भात, एक पातेलं फोडणीचं वरण, लिंबाचं लोणचं. बाकी काही नाही. एवढ्या लांबून पाहुणी आली आणि नुसता वरणभात, हे याएलला आवडलेलं नव्हतं, तिच्या तोंडावरच दिसत होतं. ती आईला तिच्या भाषेत काहीतरी कुरकुरली.

"ही म्हणतीया," रिबकाबाईंनी आम्हाला सांगितलं, "मांस खाल्ल्यावर थोडे तास थांबलं की दूध-तूप चालतंय, दोन दिवस उपाशी ऱ्हायला कुणी सांगितलं? हिला काय ठावं? शुक्रवारी निरोप आला, नंदगडची कृष्णी येणार म्हणून. म्हटलं, ती काय रिकाम्या हातानं यायची न्हाय. कवा दारात उभी राहील काय सांगता येतंय? तवापासनं मी मांसाला शिवले न्हाय. या खेपेला तुला परत पाठवायची न्हवती."

आक्का बसली नाही. रिबकाबाईंनी आपल्या ताटात वाफाळता भात वाढून घेतला आणि मधे बोटानं खळगा केला, आपण करतो तसाच. आक्कानं डब्याची फिरकी काढली. बेरशेबात निम्मं तूप गेलं होतं, निम्मं उरलं होतं. ती शेजारी उभी राहून एक चमचा घालायची आणि थांबायची, रिबकाबाई पुरे म्हणतील म्हणून. मग आणखी एक घालायची. रिबकाबाई खाली ताटाकडं बघत होत्या, आणि त्या काही पुरे म्हणेनात.